गहू सोडण्याआधी रक्त तपासा

लाल टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त साधारण अर्धा तास स्टँडमध्ये उभे ठेवले की गोठते. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटे फिरवली, की गडद लाल गुठळी तळाशी बसते आणि तिच्यावर फिकट पिवळा, वाळल्या गवताच्या रंगाचा द्रव उरतो. या द्रवाला आम्ही सीरम म्हणतो. मराठीत त्याला रक्तजल असा चांगला शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो कोणाच्या तोंडी नाही, म्हणून मीही इथे सीरम असेच लिहिते. तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात जीवरसायन विभाग सांभाळताना गेली २२ वर्षे मी हा पिवळा थर रोज पाहते आहे. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर तो गुलाबी दिसतो, कावीळ असेल तर हळदीच्या पाण्यासारखा गडद होतो आणि रुग्ण तुपातेलाचे जेवून लगेच आला असेल तर दुधाळ होतो. आतड्याचा आजार मात्र असा रंगावरून कधीच कळत नाही. तो शोधायचा तर सीरमला नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशा स्थितीत रुग्णाचे शरीर असावे लागते. ही दुसरी अट पाळली न गेल्यामुळे माझ्या भाच्याच्या सिलिॲक या, गव्हाने चिघळणाऱ्या, आतड्याच्या आजाराच्या निदानाला सात महिने उशीर झाला. बहिणीच्या परवानगीने मी ती हकीकत इथे मांडते आहे, कारण हीच चूक मला वर्षातून चार-पाच वेळा तरी अनोळखी नमुन्यांच्या कागदपत्रांतही दिसते.

बहिणीचे सासर लातूर जिल्ह्यातले. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत ते गावीच होते आणि घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होती. मेहुण्यांच्या नोकरीमुळे ते पिंपरीला आले, आणि शहरात आलेल्या बहुतेक घरांत होते तसेच झाले. डब्यात चपाती, सकाळी दुधाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी ब्रेड किंवा शेवयांचा उपमा. नवव्या वर्षी मुलाची उंची वाढायची थांबल्यासारखी झाली, पोट फुगलेले राहू लागले, तोंड वारंवार येऊ लागले आणि हिमोग्लोबिन ७.८ वर आले. सहा महिने लोहाचे औषध नियमित देऊनही ते ८.५ च्या पुढे जाईना. तोंडावाटे दिलेले लोह शोषले जाते ते प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. औषध पोटात जाते आहे आणि रक्तात उतरत नाही, तर त्या भागाकडे संशयाने पाहायला हवे होते. ते पाहण्याआधीच एका परिचित आहार सल्लागाराने, अगदी सद्‍हेतूने, “गहू बंद करून बघा” असे सांगितले. गहू बंद झाला आणि मुलाचे पोट खरोखरच हलके झाले.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ततपासणी करायला सांगितली. ती झाल्यावर बहिणीचा फोन आला. “ताई, रिपोर्ट नॉर्मल आलाय. म्हणजे गव्हाचं काही नाही ना?” मी विचारले, “त्यानं चपाती खाऊन किती दिवस झाले?” ती म्हणाली, “चार महिने तर झालेच.” त्या क्षणी मला वाटलेली हळहळ मी आजही विसरलेले नाही. रिपोर्टमधला आकडा खरा होता, पण तो गहू न खाणाऱ्या मुलाचा आकडा होता, आणि आपला प्रश्न तर गहू खाल्ल्यावर त्याच्या शरीरात काय होते हा होता.

हा आजार म्हणजे सिलिॲक. गहू आणि बार्ली म्हणजे सातू यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. आपले पाचकरस ग्लुटेनचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजे टीटीजी, नावाचे आपलेच एक विकर (एन्झाइम) त्यांच्यात छोटासा रासायनिक बदल करते, आणि ज्यांच्या जनुकांत एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे प्रकार आहेत अशा काही माणसांची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या तुकड्यांना शत्रू समजते. या गोंधळात ती त्या विकराविरुद्धही अँटिबॉडी तयार करते. आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, ज्यांना रसांकुर म्हणतात. ते हळूहळू झिजून सपाट होतात आणि लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम यांचे शोषण मंदावते. ग्लुटेन बंद झाले की चिथावणी थांबते आणि सीरममधील अँटिबॉडी महिनोन्‌महिने ओसरत जातात. म्हणजे ज्या पथ्याने मुलाला बरे वाटले, त्याच पथ्याने आजाराची खूण पुसून टाकली होती.

गव्हाशी या आजाराचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवला. त्याचा प्रबंध १९५० चा. परंतु सीरमवरून तो ओळखण्याचा मार्ग सुकर व्हायला बराच काळ जावा लागला. १९८० च्या दशकात एंडोमायशियल अँटिबॉडीची तपासणी आली. त्यात माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ कापांवर, आणि पुढे माणसाच्या नाळेच्या कापांवर, रुग्णाचे सीरम घालून ते प्रकाशमान रंगद्रव्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागे. तपासणी उत्तम, पण पाहणाऱ्याची नजर सरावलेली हवी. या अँटिबॉडी नेमक्या कशाला चिकटतात, हे १९९७ मध्ये बर्लिनमधील वाल्बुर्गा डिटरिश, डेटलेफ शुपान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. ते लक्ष्य म्हणजेच टीटीजी. लक्ष्य कळल्यावर तेच प्लॅस्टिकच्या तबकडीत चिकटवून मोजणी करणे शक्य झाले, आणि तपासणी मोठ्या संस्थांमधून आमच्यासारख्या ठिकाणीही पोहोचली.

अशा मोजणीला एलायझा म्हणतात; तिची तबकडी पोस्टकार्डाएवढी असते आणि तिच्यात ९६ खाचा असतात. प्रत्येक खाचेच्या तळाशी टीटीजीचा अदृश्य थर असतो. त्यात पातळ केलेले सीरम घालायचे, थांबायचे, धुवायचे, मग विकर जोडलेली दुसरी अँटिबॉडी घालायची, पुन्हा थांबायचे, पुन्हा धुवायचे. शेवटी रंग देणारा द्रव घातला की ज्या खाचांत रुग्णाच्या अँटिबॉडी अडकून राहिल्या आहेत त्या निळ्या पडू लागतात, आणि आम्लाचा थेंब पडताच तो निळा रंग झटकन पिवळा होतो. या कामात सर्वांत जास्त महत्त्व धुण्याला आहे. एखादी खाच नीट धुतली गेली नाही तर निरोगी माणसाच्या नमुन्यालाही रंग चढतो, आणि त्या रंगाच्या आधारावर कोणाच्या तरी ताटातून चपाती जन्मभरासाठी निघून जाऊ शकते. म्हणून अपेक्षेबाहेरचा आकडा आला तर मी तो नमुना दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. नव्या माणसांनाही मी हेच शिकवते.

भाच्याला पोटविकारतज्ज्ञांनी पुन्हा गहू सुरू करायला सांगितला. रोज दोन चपात्या, दोन महिने. एका मध्यम चपातीत अदमासे तीन ग्रॅम ग्लुटेन असते, त्यामुळे एवढे पुरेसे होते. मुलाचे पोट पुन्हा दुखू लागले. बहीण रोज रात्री फोन करत असे आणि मी तिला धीर देत असे. आपल्याच हाताने वाढलेल्या चपातीने मूल कळवळते आहे हे पाहणे कोणत्याही आईला सोपे नाही, आणि हे सारे टाळता आले असते याचे दुःख मला त्याहून अधिक होते. दोन महिन्यांनंतरची टीटीजी सामान्य मर्यादेच्या सहापट आली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटची सामान्य मर्यादा वेगवेगळी असते, कुणाची १०, कुणाची २०. त्यामुळे “माझा आकडा ६० आहे” या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. मर्यादेच्या किती पट, हेच विचारले पाहिजे. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुलांमध्ये हा आकडा दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात एंडोमायशियल अँटिबॉडीही सापडल्या, तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा न काढताही निदान करता येते. एका लहान मुलाला भूल आणि दुर्बीण यांतून वाचवणे, हे माझ्या मते सीरम तपासणीचे फार मोठे काम आहे. भाच्याचा आकडा तेवढा नव्हता, म्हणून त्याची बायोप्सी झाली आणि रसांकुर बरेच झिजलेले आढळले. सात महिन्यांनंतर आजाराला नाव मिळाले.

त्याच्या पहिल्या चिठ्ठीत आणखी एक उणीव होती, जी सुदैवाने त्याच्या बाबतीत नडली नाही. टीटीजीची नेहमीची तपासणी आयजीए या वर्गाच्या अँटिबॉडी मोजते. काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही, आणि सिलिॲक असलेल्यांत अशांचे प्रमाण २ ते ३ टक्के, म्हणजे इतरांपेक्षा अधिक असते. अशा माणसाची टीटीजी नॉर्मलच येणार. म्हणून तिच्याबरोबर एकूण आयजीए मोजणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या नमुन्याला एवढासुद्धा रंग चढला नाही; किटबरोबर येणाऱ्या निगेटिव्ह नमुन्याच्या खाचेतही त्याहून जास्त रंग होता. निरोगी माणसाच्या सीरममध्येही थोडीशी खळबळ असते, इतकी शांतता स्वाभाविक नव्हे, म्हणून उरलेल्या सीरमवर मी डॉक्टरांना विचारून एकूण आयजीए लावले. ते जवळजवळ नव्हतेच. मग आयजीजी वर्गाची तपासणी केली आणि ती मर्यादेच्या कित्येक पट आली. त्या बाई सहा वर्षे रक्तक्षयाची औषधे घेत होत्या.

सिलिॲक हा आपल्याकडचा आजार नव्हे, असे अजूनही ऐकू येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारताच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात सीरममधील या अँटिबॉडींचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकांचे ते विशिष्ट प्रकार मात्र तिन्ही ठिकाणी साधारण सारख्याच प्रमाणात होते. उत्तरेत रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम होता आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. भाकरीकडून चपातीकडे आणि चपातीकडून मैद्याकडे सरकणाऱ्या महाराष्ट्राने या आकड्यांकडे काळजीपूर्वक पाहावे असे मला मनापासून वाटते. लातूरला राहिला असता तर भाच्याचा आजार कदाचित बराच काळ झाकलेला राहिला असता.

निदानानंतर पथ्य सुरू झाले आणि इथे सीरम पुन्हा कामाला आले. सहा महिन्यांत टीटीजी सहापटीवरून अडीचपटीवर आली. हिमोग्लोबिन ११ झाले, उंचीही वाढू लागली. वर्ष पूर्ण झाले तेव्हा मात्र आकडा दुपटीच्या आसपासच अडकलेला होता. बहीण अक्षरशः शपथेवर सांगत होती की घरात गव्हाचा कण नाही, आणि मुलगाही शाळेत कोणाच्या डब्याला हात लावत नव्हता. माझा दोघांवरही विश्वास होता, पण सीरमवरही होता. एका रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून एकेक डबा उघडला. पहिली सापडली ती हिंगाची डबी. तिच्यावर बारीक अक्षरांत घटक छापलेले होते आणि त्यांत गव्हाचे पीठ होते. बाजारात मिळणारे बरेचसे हिंग असे पिठात मिसळलेले असते. पण चिमूटभर हिंगाने आकडा एवढा अडेल असे मला वाटेना. मग ज्वारीच्या पिठाचा डबा हातात आला आणि मी विचारले, दळण कुठून आणतेस? कोपऱ्यावरच्या गिरणीतून, गहू दळून झाला की त्याच जात्यात ज्वारी पडते. दोन भाकऱ्यांच्या पिठात मागच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे थोडे पीठ रोज येत होते. त्या आठवड्यात घरघंटी घेतली, सुटे खडा हिंग आणले, आणि सहा महिन्यांनी टीटीजी मर्यादेच्या आत आली. आहाराच्या वहीत जे कधीच लिहिले गेले नसते ते रक्ताने सांगितले. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की टीटीजी नॉर्मल झाली म्हणजे रसांकुर पूर्ण भरून आले अशी खात्री देता येत नाही. पथ्यातली गफलत ती दाखवते, अस्तराची अवस्था नाही.

सिलिॲकच्या बाबतीत सीरम इतके भरवशाचे आहे, म्हणून आतड्याच्या प्रत्येक आजारासाठी अशीच एखादी तपासणी असेल असा समज होतो. तो खरा नाही, आणि आपल्या देशात हे सर्वांत तीव्रतेने जाणवते ते आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने आतड्यात होणारी दीर्घकाळची जळजळ, यांच्या बाबतीत. दोन्ही आजारांना लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो भाग प्रिय. दोन्हींत पोट दुखते, वजन घटते, ताप येतो, आतड्याला व्रण पडतात आणि ते अरुंद होते. उपचार मात्र उलट दिशांचे. क्रोन्सला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात, आणि तीच टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी शरीरभर पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, दिली तर महिने वाया जातात आणि आतडे आणखी आकसते. रक्ताच्या एका थेंबावरून हे कोडे सुटावे असे कोणाला वाटणार नाही? त्या आशेवरच टीबीच्या अँटिबॉडी मोजणारे किट देशभर विकले गेले. आमच्या विभागातही ते येत होते आणि मी स्वतः ते लावलेले आहेत. आपल्याकडे टीबीच्या जंतूशी संबंध आलेली माणसे असंख्य आहेत, त्यामुळे निरोगी माणसाची तपासणी पॉझिटिव्ह येई, आणि खऱ्या रुग्णाची अनेकदा निगेटिव्ह. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तपासण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्या किटची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. ती अधिसूचना आमच्या विभागात आली त्या दिवशी मी जुन्या नोंदवह्या चाळत बसले होते. त्यांतल्या किती जणांनी त्या कागदाच्या बळावर सहा महिने औषधे घेतली असतील, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

क्रोन्सच्या बाजूनेही प्रयत्न झाले. पाव आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टविरुद्धच्या अँटिबॉडी, ज्यांना ॲस्का म्हणतात, पाश्चात्त्य देशांतील क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत सापडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची तशीच दीर्घ जळजळ, असलेल्या रुग्णांत वेगळ्या धर्तीच्या, पी-अँका नावाच्या अँटिबॉडी जास्त आढळतात. त्यामुळे या दोघांत फरक करायला ही जोडी काहीशी उपयोगी पडते. परंतु दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी भारतीय रुग्ण तपासले तेव्हा आतड्याच्या टीबीतही ॲस्का जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात आढळल्या. ज्या देशात टीबी क्वचित आहे तिथे हा प्रश्नच उद्भवत नव्हता, आपल्यापुढे तोच मुख्य प्रश्न आहे. परदेशातील पुस्तकातला आकडा आपल्या रुग्णाला लावण्याआधी तो कोणाच्या रक्तावर काढला आहे हे विचारलेच पाहिजे. इथे निदान होते ते दुर्बिणीने, व्रणाच्या कडेतून घेतलेल्या अनेक तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने, त्यांच्यातील जंतूंच्या शोधाने, आणि एवढे करूनही उलगडा झाला नाही तर एकेटी सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहून.

मग अशा रुग्णांचे सीरम निरुपयोगी का? मुळीच नाही. आजाराचे नाव ते सांगत नसले तरी त्याचा जोर आणि त्याने केलेली लूट सांगते. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते, जळजळ वाढली की झपाट्याने चढते, आणि १९ तासांच्या सुमारास निम्मे होत जात असल्याने औषध लागू पडले की उतरतेही लवकर. अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन याच्या उलट, ते आठवड्यांचा हिशेब ठेवते. ते ३.५ च्या खाली गेले असेल तर पोषण कमी पडते आहे, जळजळ दीर्घकाळ चालू आहे किंवा आतड्यातून प्रथिन गळते आहे, यांपैकी काहीतरी घडते आहे असे समजावे. अल्सरेटिव्ह कोलायटिस सौम्य असेल तर सीआरपी नॉर्मलही असू शकते, त्यामुळे तिच्या भरवशावर आजार नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी आतड्यातली जळजळ दाखवणारी, शौचातील कॅल्प्रोटेक्टिन ही तपासणी सीरमपेक्षा सरस ठरते, हे सीरमवर आयुष्य घालवलेल्या मला मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

फेरिटिनच्या बाबतीत तर फार फसगत होते. ते लोहाचा साठा दाखवते, पण जळजळीतही वाढते. एरवी ३० च्या खाली गेल्यावर लोह कमी म्हणावे, परंतु सीआरपी चढलेले असेल तर फेरिटिन १०० पर्यंत असूनही लोहाची कमतरता असू शकते. बी-१२ चेही असेच. ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते, म्हणून तिथल्या आजारात कमी होते. पण आपल्याकडे शाकाहारामुळे ते मुळातच कमी असते. पुण्याच्या परिसरातील एका अभ्यासात दर तीन पुरुषांपैकी सुमारे दोघांत ते कमी आढळले होते. त्यामुळे केवळ बी-१२ कमी आहे म्हणून आतड्यावर संशय घेणे जितके चूक, तितकेच वजन घटत असलेल्या, मांसाहारी माणसाचे कमी बी-१२ इंजेक्शन देऊन सोडून देणे चूक.

विडालविषयी थोडेच लिहिते. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, हा मुळात आतड्यातून शिरणारा आजार, आणि फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये मांडलेली ही सीरम तपासणी आपल्या गावागावांत आजही रोज होते. तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या एकट्या विडालवर कोणतेही औषध सुरू होऊ नये. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी बहुधा पुरेशा तयार झालेल्या नसतात, आणि पूर्वीच्या तापाने किंवा लसीने त्या आधीच असू शकतात. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावे.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हल्ली जाहिरातींतून मिळणाऱ्या तपासणी पॅकेजांत “२०० पदार्थांची असहिष्णुता” अशी एक ओळ असते. त्यात सीरममधील आयजीजी मोजून दूध, तांदूळ, शेंगदाणे, वांगे अशी बंदीची यादी दिली जाते. आयजीजी असणे म्हणजे तो पदार्थ आपण खातो, एवढेच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नये असे अनेक वर्षांपूर्वीच सांगितले आहे. अशी यादी घेऊन आलेल्या एका आजीबाई दूध, डाळ आणि तांदूळ सोडून नुसत्या फळांवर राहत होत्या आणि त्यांचे अल्ब्युमिन २.९ होते. दुसरी ओळ सीईएची. १९६५ मध्ये माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलेले हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाठपुराव्यासाठी अतिशय मोलाचे आहे. निरोगी माणसाला कर्करोग आहे का हे पाहण्यासाठी ते नाही, कारण सुरुवातीच्या कर्करोगात ते बरेचदा नॉर्मल असते आणि धूम्रपानाने कर्करोग नसतानाही वाढते. आमच्याकडे आलेल्या ५२ वर्षांच्या एका गृहस्थांना शौचावाटे रक्त जात होते. पॅकेजमधील सीईए नॉर्मल आले, त्यावर हिरव्या रंगात बरोबरची खूण होती, आणि ती खूण पाहून त्यांनी आठ महिने दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलली. त्यांच्या पत्नीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. शौचावाटे रक्त, कारण नसताना घटलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने आढळलेला रक्तक्षय, यांपैकी काहीही असेल तर सीरम कितीही निर्मळ असो, दुर्बिणीने पाहिलेच पाहिजे.

भाचा आता बारा वर्षांचा आहे आणि त्याने आईच्या खांद्याच्या वर उंची गाठली आहे. सिलिॲकच्या रुग्णाच्या आईवडील-भावंडांत सुमारे दहात एकाला हा आजार असण्याची शक्यता असते, म्हणून घरातल्या सर्वांची तपासणी झाली. आईवडिलांची निगेटिव्ह आली. सात वर्षांची धाकटी बहीण दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती तेव्हा तिचे रक्त घेतले. घरात गहू शिजत नसल्याने त्याआधी दोन महिने तिला शाळेच्या डब्यात रोज वेगळ्या चपात्या द्यायला मी बहिणीला बजावले होते, आणि चिठ्ठीवर टीटीजीच्या खाली एकूण आयजीए स्वतः लिहून घेतले होते. सीरम स्वच्छ पिवळे निघाले. एकूण आयजीए वयाच्या मानाने व्यवस्थित होते आणि टीटीजी मर्यादेच्या आत. दोन वर्षांनी पुन्हा तपासायचे, अशी नोंद मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने केली आहे, आणि तोवर तिच्या डब्यातल्या चपात्या चालू आहेत.